दुसरं टोक

१

आमच्या डेटा सेंटरमध्ये आलेला पाहुणा नेहमी वर बघतो. रॅकच्या रांगा, लुकलुकणारे हिरवे दिवे, छताखालून गेलेले केबलचे पिवळे ट्रे. खाली कोणी बघत नाही, आणि खरा संसार तर खालीच असतो. आपण चालतो ती फरशी ही जमीन नसतेच. लोखंडी पायांवर ठेवलेल्या चौकोनी टाइल असतात आणि त्यांच्याखाली माणूस पोटावर सरपटत जाईल एवढी पोकळी. एसीची थंड हवा तिथून वाहते आणि भोकं पाडलेल्या टाइलमधून वर येऊन मशिनं गार ठेवते. आमच्या आधीच्या मंडळींनी त्याच पोकळीत वर्षानुवर्षं तांब्याच्या केबल टाकल्या होत्या. नवी आली की जुनीवर टाकायची, जुनी काढायचं नाव नाही. घरातल्या माळ्याचं होतं तेच झालं होतं.

दोन हजार चौदाच्या सुमारास आमच्याकडे नेटवर्कचा वेग वाढवायचं ठरलं. दहा गिगवरून चाळीसवर जायचं. ऐकायला झकास वाटतं, पण नवे स्विच, म्हणजे केबल जोडायची मशिनं, भट्टीसारखे तापतात. त्यांना भरपूर थंड हवा लागते, आणि हवेची वाट तर जुन्या केबलनी तुंबलेली. म्हणजे वेगाचं पुढचं पुढे, आधी साफसफाई. ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी किशोरी, इथली नेटवर्क इंजिनिअर. राहायला कामोठ्यात. माझ्या सोसायटीतल्या बायकांच्या मते मला नसत्या चौकशा फार, आणि त्यांचं काही चुकत नाही.

केबल काढायचं आणि टाकायचं काम ताहेरभाईंचं. ते जवळच्याच पनवेलचे. कतारला काही वर्षं वायरी ओढून परत आलेले, अंगाने काडी, जिभेने तिखट. कुठल्याही गोष्टीवर वाद घातल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे. चहात आलं जास्त का, ट्रे डावीकडून का, हा स्क्रू कोणत्या गाढवाने लावला, असं दिवसभर चालायचं. मला त्यांचा राग कधीच आला नाही. भांडण संपलं की त्यांचा डबा आम्ही वाटून खायचो. तांदळाची भाकरी आणि सुक्या सोड्यांचं कालवण, साबिराच्या हातचं.

साबिरा त्यांची बायको. काम सुरू व्हायच्या आधी तिने मला मुद्दाम फोन केला होता. ताहेरभाईंना दम्याचा त्रास सुरू झाला होता आणि फरशीखालच्या धुळीने तो वाढायचा.

"ताई, तुम्ही सांगितलंत तर ऐकतील," ती म्हणाली. "त्यांना खाली घालू नका. सकाळी मी जसा पाठवते तसाच माणूस मला संध्याकाळी परत द्या."

"दिला," मी म्हणाले. हसूनच म्हणाले, पण म्हणाले.

२

जुनी केबल काढायची एक रीत आहे. जुडग्यात गुंता इतका असतो की या टोकाची केबल त्या टोकाला कोणती हे नजरेने कळत नाही, आणि लेबलं तर केव्हाच गळून गेलेली असतात. मग एक जण या टोकाला बसतो, दुसरा त्या टोकाला जुडग्यावर हात ठेवून. इकडच्याने एक केबल ओढायची, तिकडच्याच्या हाताखाली जी हलेल ती आपली. एसीच्या घरघरीत हाक ऐकू जात नाही आणि हॉलमध्ये मोबाइलला रेंज नसते, म्हणून झटक्यांनीच बोलायचं. एक झटका म्हणजे 'ही का?' दोन म्हणजे 'हीच.' मग तिकडचा आपल्या बाजूने केबल मोकळी करतो, हात काढून घेतो आणि तीन झटके देतो. तीन म्हणजे 'ओढ.'

ताहेरभाईंचा याबाबतीत एकच कायदा होता. समोरचा तीन देत नाही तोवर टोक सोडायचं नाही आणि केबल कापायची नाही.

"तिकडे माणसाचा हात असतो," ते म्हणायचे. "बोट अडकलेलं असतं, कधी मुंडी अडकलेली असते. तुम्ही सोडलंत की तो बिचारा तिकडेच राहिला. ज्या वायरीवर जवाब येतो ती माणसाची वायर. समजलं?"

"समजलं, मौलाना," मी म्हणायचे. मग मौलाना म्हणण्यावरून वाद व्हायचा.

अशा रीतीने आम्ही ओळीमागून ओळी साफ केल्या. खालची हवा मोकळी झाली तसा हॉलचा आवाजसुद्धा बदलला, जरा हलका झाला. मला फार बरं वाटत होतं. शेवटी पश्चिमेच्या भिंतीकडचा एक कोपरा तेवढा राहिला.

३

दुपार होती. कोपऱ्यातल्या टाइल उचलून मी काठावर पाय सोडून बसले होते. जुडग्यात एक करडी केबल होती, बाकीच्यांपेक्षा जाड आणि जुनी, हाताला जरा चिकट लागणारी. मी तिला एक झटका दिला.

दोन आले. हीच.

मी तीनची वाट बघत बसले. तीन काही येईनात. ताहेरभाई तिकडे कोणाशी तरी भांडत असणार असं म्हणून मी पुन्हा एक दिला. पुन्हा दोन आले, अगदी स्वच्छ, समजूतदार. मी वैतागून पुढचा झटका देणार, तेवढ्यात मागच्या काचेवर टकटक झाली. हॉलच्या दाराबाहेर ताहेरभाई उभे होते. आत खाणंपिणं चालत नाही, म्हणून दोन्ही हातांत चहाचे ग्लास धरून ते मला बाहेर बोलावत होते.

मी केबल हातात धरून तशीच बसून राहिले. मग उठून बाहेर गेले.

"तिकडच्या टोकाला कोणाला बसवलंत?" मी विचारलं.

"कोणाला बसवणार? पोरं जेवायला गेली. मी नमाज पढून आत्ता येतोय."

"मग मला जवाब कोण देतंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, उपास आहे का आज?"

चहा प्यायल्यावर मी त्यांना कोपऱ्यात नेलं. एक झटका दिला. दोन आले. ताहेरभाईंनी माझ्या हातातून केबल घेतली आणि स्वतः एक दिला. त्यांनाही दोनच आले. वाद घालायला काही न सापडलेले ताहेरभाई मी पहिल्यांदा पाहिले.

४

मी घाबरले नाही, खरं तर खूश झाले. रोज तेच ते काम करणाऱ्या माणसाला असं काही मिळणं म्हणजे खजिनाच. मी शहाण्या माणसासारखी एकेक कारण तपासायला घेतलं.

बाहेरच्या रस्त्याने न्हावा शेव्याचे कंटेनर ट्रेलर जातात, तेव्हा इमारत थरथरते. पण ट्रेलर मी विचारेपर्यंत थांबत नाही. मी झटका न देता बराच वेळ केबल धरून बसले, तर काहीच झालं नाही. ती मेल्यासारखी पडून होती. एसीचे पंखे आळीपाळीने बंद करून बघितले, तरी उत्तर येतच होतं. केबल कुठे ताणून अडकली असेल आणि स्प्रिंगसारखी परत येत असेल म्हणावं, तर मी हळूच ओढली तरी दोनच, जोरात ओढली तरी दोनच.

सोनाबाई कोरडा मॉप फिरवत आली. ती बेलपाड्याची, हॉलची सफाई तिच्याकडे. तिला मी केबल धरायला दिली.

"उंदीर हाय ताई, दुसरं काय नाय," ती छातीठोकपणे म्हणाली. "आमच्या गावात घुशी बग, मांजराला पलवतात. आमी तर जाल्याची दोरी वडताना बगितल्यान."

"घूस दोनदाच ओढते?"

"तिचा हिशोब तिला म्हाईत," सोनाबाई म्हणाली आणि मॉप घेऊन पुढे गेली.

मग मी केबलचा मार्ग शोधला. ती टाइलखालून सरळ पश्चिमेला जात होती, चालू रॅकच्या दोन रांगांखालून. चालू रॅक म्हणजे बँकांची, कंपन्यांची मशिनं. त्यांच्याखालची टाइल उचलता येत नाही. त्या रांगांपलीकडे एक अरुंद गल्ली आणि मग भिंत. भिंतीमागे बॅटरीची खोली. मी बॅटरीच्या खोलीत जाऊन ती भिंत हाताने चाचपली. भोक नाही, पाइप नाही, गुळगुळीत रंग. त्यापुढे कंपाउंड, मग खाडीची झुडपं. केबलला जायला जागाच नव्हती, आणि तरी तिच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी सभ्यपणे माझ्या प्रश्नाची वाट बघत होतं.

अविनाश आमचा मॅनेजर. त्याला सांगितलं तर तो हसला. "शनिवारी नव्या नेटवर्कवर जायचंय, किशोरी. कापा आणि मोकळे व्हा."

"कापणार नाही," ताहेरभाई म्हणाले.

"का?"

"जवाब येतोय."

अविनाशने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मनातून मला ताहेरभाईंचा तो हट्ट फार आवडला होता. कापलं असतं तर मला कधीच कळलं नसतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्या खड्ड्याच्या काठावर बसलो. रात्रभर विचार करून मी नवे प्रश्न आणले होते. चार झटके दिले तर काय होईल? चाराला आमच्यात अर्थ नाही. मी चार दिले. काही आलं नाही. पुन्हा चार दिले. पुन्हा काही नाही.

"त्याला आपली भाषा येते," मी म्हणाले. "आपल्याला जे माहीत तेच त्याला माहीत."

"त्याला म्हणू नका," ताहेरभाई म्हणाले. "खामखा नाव देऊ नका कशाला." त्यांनी केबल माझ्याकडून घेतली आणि मांडीवर धरून बसले. नवे स्विच कोणत्या रॅकमध्ये आधी चढवायचे यावर आमचा वाद सुरू झाला. डावीकडून सुरुवात करायची की उजवीकडून. ते तावातावाने बोलत होते, एका हाताने रॅक दाखवत होते.

तेव्हा केबलने एक झटका दिला.

आम्ही विचारलं नव्हतं. तिकडून विचारणा झाली होती. ही का?

आणि ताहेरभाईंच्या हाताने, बोलण्यात जराही खंड न पडता, दोन दिले.

आयुष्यभर जो हात हेच करत आलाय तो दुसरं काय करणार? वाक्य पूर्ण झाल्यावर त्यांना समजलं. ते हातातल्या केबलकडे बघत राहिले. मला हसू आलं, अगदी खळखळून. ते हसले नाहीत.

"मी हो म्हटलं, ताई," ते म्हणाले.

"कशाला हो म्हटलंत?"

"तेच तर माहीत नाही. त्याने विचारलं आणि मी हो म्हटलं." आदल्या क्षणी नाव देऊ नका म्हणणारा माणूस आता 'त्याने' म्हणत होता.

आम्ही जेवायला गेलो आणि परत आलो तर केबलचं टोक, जे मी काठावर फरशीवर ठेवलं होतं, ते खाली ओघळून आत जायच्या बेतात होतं. ताहेरभाईंनी झडप घालून ते धरलं आणि रॅकच्या पायाला गाठ मारून बांधलं. नंतर बराच वेळ ते हात पँटला पुसत होते.

६

शुक्रवार उजाडला. आता ती केबल काढायलाच हवी होती. अविनाशने निक्षून सांगितलं होतं की दुपारपर्यंत कोपरा मोकळा दिसला पाहिजे, नाहीतर तो दुसऱ्या कोणाला कटर घेऊन पाठवील.

"मी आत जाऊन बघतो," ताहेरभाई म्हणाले. "भिंतीपर्यंत. वायर मुठीत धरूनच जायचं, पलीकडच्या गल्लीतून उतरलो तर मधलं सुटेल. तिकडे कोणाचा हात नाही अशी एकदा खातरी झाली की मीच कापतो. मला चैन नाही, ताई. कालपासून दोन्ही वेळचं जेवण गेलं नाही."

मी नाही म्हणायला हवं होतं. साबिराला दिलेला शब्द मला आठवत होता, विसरले होते असं मुळीच नाही. त्यांच्या छातीतली घरघर मला एसीच्या आवाजातही ऐकू येत होती. पण त्या भिंतीशी काय आहे हे कळल्याशिवाय मलाही चैन नव्हतं. माझी जाडी त्या पोकळीत मावली असती तर मीच गेले असते, हे देवाशपथ खरं आहे.

"मी टोक धरते," मी म्हणाले.

त्यांनी तोंडाला रुमाल बांधला, डोक्याला बॅटरी लावली आणि हातमोजे चढवले. त्यांच्या उजव्या हातमोज्याच्या दोन बोटांची टोकं कापलेली होती, वायर चाचपून ओळखता यावी म्हणून. केबल मुठीतून सरकवत जायची आणि मी मधूनमधून विचारायचं, असं ठरलं. एक दिला की दोन.

"आणि ताई, तो डावीकडचा रॅक आधी," खाली उतरताना ते म्हणाले. "काल बोलणं अर्धं राहिलं."

"आधी वर या, मग भांडू," मी म्हणाले.

७

भोकांच्या टाइलमधून त्यांच्या बॅटरीचा उजेड वर झिरपत होता. तो रॅकच्या रांगेखाली शिरलेला दिसला, मग पलीकडच्या रांगेखाली. मी एक दिला. दोन आले. लोखंडी पायांना त्यांचे बूट लागल्याचा ठणठण आवाज येत होता. मग एसीच्या घरघरीत तोही बुडाला.

एक दिला. दोन आले.

भिंतीजवळच्या शेवटच्या टाइलमधून उजेड दिसला आणि विझला. पुढे तर भिंतच होती. मी जरा थांबून एक दिला.

काहीच आलं नाही.

पुन्हा दिला. केबल हलकी लागत होती, जणू तिकडे कोणीच धरलेली नाही. दम लागला असेल, विश्रांती घेत असतील, हात बदलत असतील. मी हाक मारली. माझी हाक मलाच नीट ऐकू आली नाही. अविनाशला बोलावायला जावं तर टोक सोडावं लागणार होतं, आणि ते सोडायचं नव्हतं.

तेव्हा तीन आले.

ओढ.

त्यांनी अजून काही कापलेलं नव्हतं, मग ओढ कशासाठी, हा विचार मनात आला आणि लगेच बाजूला पडला. माणूस अडकलाय, त्याला श्वास घेता येत नाहीये, त्याला बाहेर ओढ म्हणतोय, एवढंच मला कळलं. मी दोन्ही पाय काठाला रोवले आणि ओढायला लागले. केबलला वजन होतं. नुसत्या केबलचं नव्हे, चांगलं माणसाचं वजन. ती हातभर यायची, थांबायची, पुन्हा यायची. माझे तळवे सोलवटले. "आले, आले, आलेच," असं मी लहान मुलाशी बोलावं तसं बडबडत होते.

मग पोकळीतल्या काळोखातून एक हात पुढे आला. केबलवर घट्ट आवळलेला. मोज्यातला. दोन बोटांची टोकं उघडी, धुळीने करडी. त्याने फरशीचा काठ पकडला.

"ताई, काय करताय?"

आवाज माझ्या मागून आला होता. मी मान वळवली. हॉलच्या दारात ताहेरभाई उभे होते. कपडे धुळीने माखलेले, रुमाल गळ्यात लोंबणारा, बॅटरी हातात. हात उघडे.

"पलीकडच्या गल्लीतून वर आलो," ते म्हणाले. "कॉरिडॉरने फिरून आलो. तिकडे काही नाही. वायर भिंतीशी संपते."

मी त्यांच्याकडे बघितलं. काठावरच्या हाताकडे बघितलं. मी काही ठरवलं नाही. माझी बोटं आपोआप उघडली.

केबल रॅकच्या पायाशी बांधलेल्या गाठीजवळ तुटून सर्रकन आत गेली. काठावरची बोटं क्षणभर तशीच राहिली, मग घसरली. आणि खालून, अगदी हळू, पण त्या घरघरीतही मला स्पष्ट ऐकू आलं. धाप लागलेला, चिडलेला, वाद घालणारा आवाज.

"ताई, का सोडलंत?"

मग लोखंडी पाय एकामागून एक वाजत गेले, पश्चिमेकडे, भिंतीपर्यंत. तिथे ते वाजायचे थांबायला हवे होते. ते आणखी बराच वेळ वाजत राहिले, लहान लहान होत.

८

दारातल्या ताहेरभाईंनी येऊन टाइल जागच्या जागी बसवली.

"मोजे कुठे आहेत?" मी विचारलं.

"खालीच राहिले. घामाने निसटत होते, काढून टाकले. वायरीला अडकून आले असतील तुमच्याकडे."

"खालून आवाज आला."

"पंखा असेल," ते म्हणाले.

हे खरं असू शकतं. मी स्वतःशी नीट मांडून बघितलंय. मोजा केबलला अडकला. केबल पायांच्या गुंत्यात फसली म्हणून जड लागली. वर यायच्या आधी त्यांनीच तीन झटके दिले, केबल मोकळी आहे अशा अर्थाने. आवाज माझ्या डोक्यातला. मी पलीकडच्या गल्लीत जाऊन बघितलं, तर तिथली एक टाइल खरोखर उचललेली होती आणि तिच्याभोवती धूळ सांडलेली होती. म्हणजे तिथून कोणीतरी वर आलं होतं. एकेका गोष्टीला उत्तर आहे. पण ती बोटं काठावर टेकल्यावर नखं पांढरी पडली होती, आणि रिकाम्या मोज्याला नखं नसतात.

मी त्या वेळी खाली वाकून बघायला हवं होतं. जिला कोणाचं पार्सल आलंय तेसुद्धा बघितल्याशिवाय राहवत नाही, ती मी, त्या क्षणी बघू शकले नाही. टाइल बसली तेव्हा मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही भीती वाटते.

करडी केबल कोपऱ्यातून नाहीशी झालीच होती. तिचा एक उरलेला तुकडा रॅकच्या पायाला गाठीसकट लोंबत होता. ताहेरभाईंनी तो कटरने कापून टाकला, बोलता बोलता, मागेपुढे न बघता.

शनिवारी आम्ही चाळीस गिगवर गेलो. कुठे काही अडलं नाही. नवे स्विच उजवीकडच्या रॅकपासून चढवले, मी म्हटलं होतं तसे. ताहेरभाई "ठीक" म्हणाले. अविनाशने पेढे वाटले.

९

महिन्याभराने साबिराने जेवायला बोलावलं. त्यांचं घर पनवेलच्या जुन्या बाजारामागे आहे. मी जाणार नव्हते, पण न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. आणि मला बघायचंही होतं.

ताहेरभाई त्यांच्या मुलीचा, अलिनाचा, अभ्यास घेत बसले होते. ती त्यांच्या अंगावर रेलून पाढे म्हणत होती, चुकत होती, आणि ते न चिडता पुन्हा म्हणायला लावत होते. त्यांनी मला सलाम केला, पंखा माझ्याकडे वळवला. तब्येत छान दिसत होती. मी मुद्दाम म्हणाले की डावीकडून सुरुवात केली असती तर बरं झालं असतं.

"जसं झालं तसं ठीक झालं," ते हसून म्हणाले.

स्वयंपाकघरात साबिराने मला बाजूला घेतलं. तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला निवांतपणा होता.

"ताई, तुमचे किती शुक्र मानू," ती म्हणाली. "तुमच्याकडचं ते काम संपलं आणि दमा गेला बघा. डॉक्टर पण हैराण. रात्री इतके शांत झोपतात की मी कधी कधी उठून नाकाशी बोट धरते. आणि भांडण म्हणून नाही. मीठ कमी असो, जास्त असो, खातात. इतक्या वर्षांनी घरात माणूस आहे असं वाटतंय." ती लाजून हसली. "अल्लाह नजर न लागू दे."

मी तिचा हात धरून बसले. मला रडू येत होतं आणि ते तिला आनंदाचं वाटलं. बाहेरून अलिनाचा पाढा ऐकू येत होता, मध्येच तिच्या बापाचं हसणं. कालवण नेहमीच्याच चवीचं झालं होतं. मी दोन घास खाल्ले.

आता तो कोपरा अगदी स्वच्छ आहे. खालून गार वारा नुसता वाहत असतो. हॉलमध्ये कोणी नसलं की मी तिथे जाते, सक्शनचा रबरी कप लावून टाइल उचलते आणि पोटावर पडून डोकं आत घालते. पश्चिमेकडे काळोख आहे आणि लोखंडी पायांची रांग. हाक मारावी असं दर वेळी वाटतं. नाव ओठांवर येतं, एकदाच म्हणावं, म्हणजे एकदाचं कळेल. मी तोंड उघडते आणि तसंच मिटून घेते. ताहेरभाईंनी खालून ओ दिली, तर मी साबिराला काय सांगू?